शेवंतगडचा तिसरा शिक्का

भाद्रपद अर्धा सरला होता. शेवंतगडाच्या नगारखान्यात पहाटेची नौबत झडली, धुके हळूहळू तटाखाली उतरले आणि पूर्वेच्या बुरुजावरून खालची खडवी नदी दिसू लागली, तेव्हा पहाऱ्यावरच्या हशमांनी नित्याप्रमाणे आधी पाण्याकडे पाहिले, मग नदीपलीकडच्या रत्नापूर पेठेकडे पाहिले, आणि सरतेशेवटी, पाहायचे नाही असे मनाशी ठरवूनही, त्या दोहोंच्या मधल्या पुलाकडे पाहिले. पूल म्हणायचा तो आपला मनाच्या समाधानासाठी. अलीकडच्या काठावर घडीव दगडाचा भक्कम ओटा, पलीकडच्या काठावर तसाच ओटा, मधोमध खडकावर उभा केलेला खांब, आणि यांच्या मध्ये नुसते आभाळ. दगड होता, चुना होता, शिसे ओतून पक्के केलेले सांधे होते. ज्याच्यावर पाय ठेवून माणसाने पलीकडे जावे, तेवढे मात्र नव्हते. तीन पावसाळे तो पूल तसाच उभा होता.

हुजुरांचा हुकूम तसा स्पष्ट होता. कोकणातून घाट चढून आलेले मीठ आणि सुपारी, देशावरून आलेला गहू आणि कापड, हा सगळा माल रत्नापूर पेठेत उतरे आणि चार महिने नदीच्या पाण्यापायी तिथेच कुजे. म्हणून हुजुरांनी लिहिले होते की दगडकाम पेठेने जकातीच्या उत्पन्नातून करावे, सागवान गडाच्या कोठीने द्यावे, माणूसबळ गडाच्या शिबंदीतून लावावे, आणि सर्वांनी एकविचारे पूल पुरा करावा. ‘एकविचारे’ हा शब्द ज्या कोण्या कारकुनाने लिहिला, त्याने गडावर उभ्या जन्मात पाऊल टाकले नसावे.

कारण गडाचा कारभार एकाच्या हाती द्यायचाच नाही, अशी त्या राज्याची रीत होती, आणि ती रीत वेड्यांनी घातलेली नव्हती. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, माणसांची हजेरी सबनिसाकडे, धान्य-दारू-लाकूड-लोखंड यांची कोठी कारखानिसाकडे. तिघे तीन जातींचे, तिघांचा मान सारखा, कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. नित्याचे पहारे सोडले तर गडावरची कुठलीही नवी गोष्ट तिघांचे शिक्के उमटल्याशिवाय व्हायची नाही. एकाला पैशाने फोडता येते, दुसऱ्याला धाक दाखवता येतो. पण तिघे एकाच वेळी हरामखोर निघणे कठीण, असा त्यामागचा हिशेब. आणि तो हिशेब खराही ठरला होता. आजूबाजूचे किती गड फितुरीने गेले, शेवंतगड कधी गेला नाही. पण ज्या रितीने गड विकला गेला नाही, त्याच रितीने पूलही बांधला गेला नाही, आणि याचा दोष द्यायचा तरी कोणाला?

तिघेही भले होते हो. लबाड असते तर एव्हाना काहीतरी ठरून गेले असते. हवालदार सुभानराव घारगे हा भरदार छातीचा, बोलायला फटकळ, पण मनाने प्रेमळ माणूस. सबनीस कोनेरपंत गिजरे वृद्ध, नेमस्त, प्रत्येक शब्द तोलून बोलणारे. आणि कारखानीस अंताजी रघुनाथ कर्णिक; याची कोठी अशी की अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागावी. पुलाच्या तुळया त्याने पहिल्याच वर्षी तासून तयार केल्या होत्या. गडाचा पूर्वेचा कडा थेट नदीत उतरतो, तिथे पूर्वी लाकूड वर ओढून घेण्यासाठी एक दगडी घसरण केलेली होती. तिच्या तोंडाशी, तटाच्या खिडकीआड, त्या तुळया उताराला रचून खाली एक भली मोठी पाचर ठोकून ठेवल्या होत्या. आता नुसते घेऊन जायचे बाकी होते.

पण नेणार कसे? अंताजी म्हणे, “लाकूड तयार आहे, सबनिसांनी माणसे द्यावीत, मी शिक्का करतो.” कोनेरपंत म्हणत, “माणसे देतो. पण ती गडाबाहेर राबणार, तेव्हा दरवाजा कोणत्या प्रहरी उघडणार हे हवालदारांनी आधी ठरवून द्यावे.” सुभानराव म्हणे, “दरवाजा उघडतो की. पण काय बाहेर जाणार आणि किती, हे कारखानिसाच्या शिक्क्याने माझ्याकडे आले पाहिजे.” असे घोडे फिरून फिरून त्याच ठिकाणी अडे. तिघे एकमेकांना विडा देत, एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करीत आणि मसलत पुढच्या पंधरवड्यावर जाई. अंताजीला यात काही गैर वाटत नसे. पहिला शिक्का करणाऱ्याने सारी जोखीम आपल्या गळ्यात बांधून घेतली, ही अक्कल त्याला बापाने शिकवली होती. तोही बाकीच्यांइतकाच थांबला, हे त्याच्या बाजूने बोलतानाही विसरता येत नाही.

त्याची एकुलती लेक द्वारका रत्नापूर पेठेतच दिलेली होती. जावई विश्वनाथ जकात चौकीवर कारकून. अंताजीने हा जावई निवडला तो का, हे ऐकण्यासारखे आहे. एकदा अंताजीचे स्वतःचे खेचर चौकीवरून जात होते, तर या पोराने, खेचर गडाच्या कारखानिसाचे आहे हे ठाऊक असून, वरच्या चौकीची चिठ्ठी नाही म्हणून ते उन्हात अडवून धरले. अंताजी घरी आला तो आनंदाने फुलून, बायकोला म्हणाला, “पोरगा सापडला.” आता द्वारका-विश्वनाथांना एक मूल होते, आणि पावसाळ्यात नदी भरली की आजोबा बुरुजावर उभे राहून पलीकडच्या चौकीचे कौलारू छप्पर पाहत.

त्या वर्षी मोगली सरदार फत्तेयाबखान देशावरून चाल करून येणार, अशी आवई उठली होती. खान तलवारीचा खराच, पण त्याहून डोक्याचा. आषाढात, पाणी चढण्याआधी, त्याचा वकील मनसुखराय बोलणी करायला गडावर आला, इकडचे तिकडचे बोलला, आणि उठता उठता भर सदरेत एक तबक पुढे केले. तबकात भरजरी खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, होती, आणि ती एकट्या कारखानिसाच्या नावाने होती.

अंताजीने तबकाला बोटही लावले नाही. “वकीलसाहेब, आमच्या अंगाला सरकारचेच कापड शोभते. खानसाहेबांना आमचा सलाम सांगा आणि हे परत न्या.”

वकिलाने आग्रह केला नाही. हसून त्याने तबकावर रुमाल टाकला आणि तो गड उतरला. सदरेवरच्या शंभर डोळ्यांनी पाहिले की अंताजी कसोटीला उतरला. पण मनुष्यस्वभाव मोठा चमत्कारिक असतो. तिघांतून यालाच का दिले, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि प्रत्येकाच्या मनातून तो गेलाही नाही. पुढच्याच आठवड्यात सुभानरावाने कोठीवरचा पहारा, सोयीसाठी म्हणून, बदलला. कोनेरपंत कोठीच्या मालाची रुजुवात, नोंदींशी पडताळा, एकदा करीत ती दोनदा करू लागले. अंताजीला हे दिसत होते, आणि बोलण्यासारखे त्यात काही नव्हते. खानाने गडाची तीन कुलपे फोडली नाहीत. त्यांना फक्त गंज चढू दिला.

भाद्रपदातल्या त्या दिवशी नौबत विरते न विरते तोच पेठेकडून काठावर आरडाओरडा ऐकू आला, आणि थोड्या वेळाने भोपळ्यांच्या सांगडीवर पालथा पडून, लाटांशी झगडत, पेठेचा शेटे रायाप्पा अलीकडच्या काठाला लागला. बाजारातल्या तंट्यांचा निवाडा करणारा, गळ्यात इष्टलिंग, पोट सुटलेला, पन्नाशीचा वाणी तो. चिखलाने माखलेल्या अंगाने तो गड चढला आणि सदरेवर येऊन मटकन बसला.

“मायबाप, खान उद्या दुपारपर्यंत पेठेत येतो. देशाकडची वाट त्याने धरली, दोन्ही घाट बंद केले. आमच्या पुढे खान आणि मागे नदी. नावा फुटल्या, सांगडीवर एक माणूस येतो. बायकापोरांनी कुठं जायचं? तुमच्याकडं तुळया पडून आहेत. दगड आम्ही आमच्या पैशानं उभा केला. दोर आमचे, कोळी आमचे. तेवढ्या तुळया द्या, उद्या सकाळी माणसं अलीकडं घेतो.”

सुभानराव बैठकीवर पुढे सरसावला. खरे सांगायचे तर त्या क्षणी तिघांचेही मन एक होते. पण मन एक असणे वेगळे आणि शिक्का उमटणे वेगळे.

“शेटे, तुमचं बोलणं काळजाला लागतं,” सुभानराव म्हणाला. “पण पूल दोन्हीकडून चालतो. ज्या तुळईवरून तुमची पोरं येतील, तिच्यावरूनच खानाचे स्वार गडाच्या पायथ्याला येतील. त्याचा जाब कोणी द्यायचा?”

“माणसं आली की तुळया नदीत ढकलू, हवालदारसाहेब. आमच्याच हातानं ढकलू.”

आता अंताजी उठला. “माझी कोठी तयार आहे. मी शिक्का आधी करतो. आजवर केला नाही, आज करतो.”

बोलायला त्याने उशीर केला होता, आणि बोलला तेव्हा फार लवकर बोलला असे सगळ्यांना वाटले. कोनेरपंतांनी उपरणे सावरले आणि अगदी मृदू स्वरात विचारले, “अंताजीबावा, राग मानू नये. तीन वर्षे आपण पहिला शिक्का टाळलात. आज, खान उंबऱ्याशी आला असता, आपणास इतकी निकड लागली. आमच्या मनात काही नाही. पण उद्या हुजुरातून कोणी पुसले, की ज्याच्या नावाने खानाची खिलत आली त्यानेच पुलाचे सागवान का काढले, तर आम्ही उत्तर काय द्यावे?”

“माझी लेक आहे तिकडे, पंत.”

“तेही ते लिहितीलच,” म्हातारा म्हणाला, आणि त्याने खाली पाहिले.

पुष्कळ खल झाला. तिघेही घसा बसेपर्यंत बोलले, आणि शेवटी ठरले ते जे अशा ठिकाणी नेहमी ठरते: हुजुरांना विनंतीपत्र लिहून हुकूम मागवावा. हरकारा उड्या मारीत गेला तरी उत्तर यायला आठ-दहा दिवस लागणार, हे सदरेवरच्या दिवटीवाल्यालाही कळत होते. बुडत्याला ‘थांब, तराफा करून आणतो’ म्हणण्यातला हा प्रकार. रायाप्पा सांगडीकडे परत जायला उठला.

अंताजी त्याला पायऱ्यांपर्यंत पोचवायला गेला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो हळूच म्हणाला, “शेटे, उद्या उजाडता कोळ्यांना दोर घेऊन खांबापाशी उभे करा. पाण्यावर नजर ठेवायला सांगा.”

रायाप्पाने चमकून पाहिले. “कारखानीससाहेब, तटावरून काही टाकलं तर...”

“मला ठाऊक आहे. माझ्या द्वारकेला एवढा निरोप द्या, की पहिल्या माणसांत नीघ.”

तटावरून बाहेर काहीही टाकणे म्हणजे शत्रूशी संधान, आणि त्याला शिक्षा एकच, कडेलोट. मग टाकलेली चिठ्ठी असो की भाकरीचा तुकडा. गडावरच्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होते.

दुसऱ्या दिवशी अंताजीने स्नान केले, देवाला फूल वाहिले आणि तो कोठीच्या माणसांना घेऊन घसरणीच्या खिडकीपाशी गेला. तिथे त्याने सगळ्यांना दूर उभे केले. “कोणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “विचारले तर सांगा, कारखानिसाने आम्हाला मागे हटवले. हे खोटे नाही, तेव्हा सांगताना जीभ अडखळणार नाही.” त्याने खिडकीची आगळ काढली. मग घण उचलला. बैठ्या कामाचा माणूस तो. पहिला घाव निसटला, दुसरा त्याच्याच पायाजवळ पडला. तिसऱ्याला पाचर हलली आणि पुढच्या घावाला उडाली. तीन वर्षे एका जागी बसलेल्या तुळया करकरल्या, मग एकदम सुटल्या आणि गडगडाट करीत कड्यावरून खाली गेल्या.

काही खडकावर आपटून दुभंगल्या. उरलेल्या पाण्यात बुडाल्या, वर आल्या आणि ओढीबरोबर निघाल्या. खाली खांबाला दोर बांधून कोळी छातीइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी जे केले त्याचे वर्णन करायला माझ्यापाशी शब्द नाहीत. एवढेच सांगतो की दोघे वाहून गेले आणि बाकीच्यांनी दोर सोडले नाहीत. सूर्य कासराभर वर येईतो खांबाच्या दोन्ही अंगांना जोड तुळया पडल्या होत्या, आणि पेठेतली माणसे, डोक्यावर बोचकी, काखेत पोरे, एकमेकांच्या कमरेला धरून त्यावरून येऊ लागली होती. ज्या पुलासाठी हुजुरापासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी शाई आटवली, तो असा अर्ध्या सकाळीत झाला.

अंताजी खिडकीशीच उभा होता. सुभानराव धावत आला तो लाल होऊन. “अंताजी, काय करून बसलास हे!” तो ओरडला, आणि मग आवाज खाली आणून, हशमांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पुटपुटला, “मला का नाही सांगितलंस? मी गावी गेलो असतो, तुला बांधायची वेळ माझ्यावर आली नसती.” पण त्याचे हात त्याचे काम करीत होते. मुसक्या त्याने स्वतःच बांधल्या, दुसऱ्या कोणाला बांधू दिल्या नाहीत.

इकडे पेठ गड चढून महादरवाजाशी आली आणि दरवाजा बंद. परक्या माणसांना, शत्रू दृष्टीच्या टप्प्यात असताना, आत घ्यायचे तर तिघांचे शिक्के हवेत. सुभानराव किल्ली मुठीत धरून उभा राहिला. कोनेरपंत धापा टाकीत आले, त्यांनी आपला शिक्का केला, हवालदाराने केला, आणि मग दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

“तिसरा शिक्का कैदेत आहे,” कोनेरपंत म्हणाले. “आणि कैद्याचा शिक्का चालत नाही.”

दरवाजाबाहेर लेकरे रडत होती. कोणी बाई आतल्या देवाचे नाव घेऊन कडी वाजवीत होती. अखेर मार्ग सुचला तो मुसक्या बांधलेल्या अंताजीलाच.

“मला सोडा,” तो म्हणाला. “मोकळ्या माणसाचा शिक्का घ्या. मग पुन्हा बांधा.”

तसे केले. नियम मोडला नाही आणि दरवाजा उघडला. पेठ आत लोटली. अंताजी मनगटे चोळीत कमानीखाली उभा राहून एकेक चेहरा पाहत होता. वाणी आले, साळी आले, तांबट आले, वाहून गेलेल्या कोळ्यांची माणसे आली. सर्वांच्या मागून रायाप्पा आला, आणि अंताजीला पाहताच त्याने पागोटे काढले.

“मी सांगितलं हो,” तो म्हणाला. “दोनदा गेलो चौकीवर. तुमचे जावई म्हणाले, चौकी सोडायचा वरून हुकूम नाही. मी म्हटलं, अहो, खान येतोय. ते म्हणाले, सरकारी दप्तर आणि सरकारी जागा आहे, हुकमाशिवाय मला उठता येत नाही. द्वारकाबाईंना म्हटलं, तुम्ही तरी चला. त्या म्हणाल्या, यांना टाकून कशी येऊ, आणि बाबा तरी आले असते का हुकमाशिवाय?”

अंताजीने नदीकडे मान वळवली. नदीपलीकडे धूळ उठली होती. खानाची आघाडी पेठेच्या वेशीत शिरत होती.

आता पूल तोडणे भाग होते. आणि पाहा, काय तो चमत्कार: त्यासाठी मसलत लागली नाही, पंधरवडा लागला नाही, कोणी कोणाला आधी तुम्ही म्हटले नाही. कोनेरपंतांनी मान हलवली, सुभानरावाने हात उंचावला, आणि दोघांनी तिसऱ्याकडे पाहिले. अंताजीने पलीकडचे कौलारू छप्पर एकदा पाहिले. हुकमाविना न उठणारा जावई त्याने हौसेने निवडला होता, आणि आता त्याला उठवणारा हुकूम कोणापाशीच नव्हता. तो म्हणाला, “ढकला.” खाली काठावर थांबलेल्या कोळ्यांनी दोर कापले. तुळया वाहत गेल्या. तिन्ही खात्यांनी मिळून, एका दमात, एकविचारे पार पाडलेले पुलाचे पहिले काम ते हे.

दुपारी पेठ जळाली. जकात चौकीच्या जागेवरून धुराचा काळा लोट उठला, तो गडावरून सगळ्यांनी पाहिला. अंताजीला तेव्हा पुन्हा बांधले होते, पण बुरुजावर उभे राहू दिले होते.

पुढे चार दिवसांनी सदर बसली. गुन्हा उघड होता. नाकारायला कोणी नव्हते. कडेलोटाच्या आज्ञेवर सबनिसाचा शिक्का उमटला, हवालदाराचा उमटला. मग कोनेरपंतांनी कारकून-हशम सगळ्यांना बाहेर घालवले, म्हाताऱ्याने स्वतः उठून अंताजीचे हात सोडले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

“अंताजीबावा, नीट ऐका. गडावरची कोणतीही शिक्षा तिघांच्या शिक्क्याशिवाय अमलात येत नाही. तिसरा शिक्का आपला. आपण तो करू नये. आपण केला नाही तर ही गोष्ट अशीच राहील. हुजुरांना विचारू, हुजूर आम्हाला विचारतील, पाच-दहा वर्षे जातील. आजवर या रितीने आपले सगळे अडवले. एवढ्या एका वेळी ती आपल्या कामी येऊ द्या. मी आयुष्यात पळवाट काढली नाही. ही काढली आहे.”

“कर एवढं,” सुभानराव म्हणाला. “म्हणजे, नको करूस. तुझ्या पाया पडतो.”

अंताजीने कागद वाचला. अक्षर चांगले आहे, असे तो म्हणाला. मग म्हणाला, “पंत, आपले उपकार फार झाले. पण मी कोणासाठी अडून राहू? लेक गेली, नातू गेला. मी तीन वर्षे थांबलो म्हणून गेले. पहिला शिक्का मी केव्हाच केला असता तर पूल झाला असता, आणि द्वारका माहेरपणाला चालत आली असती. एकदा तरी या गडावर तिघांचे मत वेळेवर एक होऊ द्या.” आणि, कोणी हात धरण्याआधी, त्याने शिक्का उमटवला.

कडा तोच होता, घसरणीच्या शेजारचा. सुभानरावाने तिथे काय पाहिले ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितले नाही.

हुजुरांचे उत्तर त्यानंतर आले. हुजुरांनी गडाच्या सावधगिरीची तारीफ केली होती आणि लिहिले होते की पेठेचा जीव वाचवणे अगत्याचे, सबब सागवान बेलाशक द्यावे. पण लाकूड राहिले नव्हते, आणि कारखानिसाची जागा रिकामी असल्यामुळे त्या हुकमावर अंमल झाल्याचा शेराही कोणाला मारता येईना. रायाप्पा रोज सदरेवर येऊन नव्या लाकडाची गोष्ट काढी आणि रोज त्याला उद्या या म्हणून सांगत.

खान दसऱ्यापर्यंत पलीकडच्या काठावर राहिला. पाणी उतरेना, दाणागोटा सरला, आणि एके सकाळी छावणी उठवून तो आल्या वाटेने गेला. आणि पाणी उतरल्यावर, पहिल्या सांगडींवरून, एक तरुण कारकून, त्याची बायको आणि तिच्या कडेवरचे मूल अलीकडे आले.

घडले ते असे. खानाच्या स्वारांनी चौकी पेटवली तेव्हा विश्वनाथ दप्तर छातीशी धरून अंगणात उभा होता. त्याला खानापुढे नेले. सगळी पेठ पळाली, तू का नाही पळालास, असे खानाने विचारले. हुकूम नव्हता, असे तो म्हणाला. खान खूप वेळ हसला. मग हसू आवरून तो म्हणाला की असा एक नोकर माझ्याकडे असता तर मी धन्य झालो असतो, आणि त्याने त्या तिघांना आपल्या छावणीत मानाने ठेवून जाता जाता सोडून दिले.

ते गड चढून आले. महादरवाजा त्या दिवशी उघडाच होता. सदरेवर सुभानराव आणि कोनेरपंत बसले होते. द्वारकेने पदर सावरून दोघांना वाकून नमस्कार केला. मुलाला खाली ठेवले, त्याचेही डोके टेकवले. छावणीतल्या दिवसांनी ती वाळली होती, पण तिच्या तोंडावर माहेरी पोचलेल्या मुलीचा आनंद होता.

“काका, बाबा कोठीत आहेत का?” तिने विचारले.

सुभानरावाने कोनेरपंतांकडे पाहिले. पंत वडील होते, विद्वान होते, असे काही सांगायचे तर त्यांनी सांगावे. कोनेरपंतांनी सुभानरावाकडे पाहिले. कड्यापर्यंत सोबत गेला होता तो हवालदार. काय झाले ते त्याला ठाऊक. एक म्हणाला, “पंत, आपण.” दुसरे म्हणाले, “नाही, आपणच आधी.” आणि ती तिथे उभी राहून एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.